‘मले गणित येतच नाही’

बाळापूर असो की अकोला, सातवी-आठवीच्या वयात हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. त्यावर ‘तू हुशार आहेस, बाबू’ हे उत्तर आपल्या तोंडी असतं, पण ते फारसं कामाचं नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढं अवघड कोडी आल्यावर, हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली चिकटून राहिली.

मात्र नुसतं ‘मेहनत कर’ म्हणणंही पोकळच. मुलानं अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश लिहिलं, तर फुली मारून वही परत देऊ नका. दोन पंचमांश तर अर्ध्यापेक्षाही कमी. मिळवल्यावर कमी कसं झालं, हे त्यालाच विचारा. मग दोन्हींचा छेद सहा करून तीन षष्ठांश आणि दोन षष्ठांश त्याच्याकडूनच मांडून घ्या. पाच षष्ठांश आलं, की कौतुक छेद सारखा केल्याचं करा.

वृत्तीनं सगळं साधतं, असंही नाही. मेहनतीनं बुद्धी वाढते असं शिकवून पाहणाऱ्या, अमेरिकेत नववीच्या सुमारे 12 हजार मुलांवरच्या 2019 च्या अभ्यासात मागे पडलेल्यांचे गुण वाढले, पण थोडेच.

ही मेहनत कामी येईल अशी एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत असते. सरकारी, अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली की नववीपासून वर्षाला 12 हजार रुपये मिळतात. परीक्षेला बसण्यासाठी सातवीत 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 50) लागतात. तयारी सातवीतच सुरू करा.