पन्नाशीनंतर गटातली जागा सोडू नका



गटाच्या बैठकीत एक वाक्य हल्ली वरचेवर कानावर येतं. "आता माझं नाव काढा आणि सूनबाईचं घाला. मी म्हातारी झाले, मला काय करायचंय गटात?" बोलणारी बाई असते बावन्न-पंचावन्नची. आपल्या रहिमतपूर भागात या वयाची बाई आल्याच्या लागणीला जाते, उसात भांगलते, घरची दोन जनावरं बघते. कामाला ती म्हातारी नसते. मग गटातच कशी म्हातारी होते?

'एका घरातून एकच सभासद' असा बऱ्याच गटांचा नियम असतो. सून आली की सासू उठते. सुनेनं गटात यायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण उठताना सासूच्या हातून काय जातं, ते बघा. बचतीचे पैसे तर ती मोजून घेते. जातो तो आठवड्यातला एक तास. त्या तासात तिला कुणी आई, आत्याबाई, आजी म्हणत नाही. हजेरीच्या वहीत तिचं स्वतःचं नाव असतं आणि त्याच नावानं हाक येते.

आपली मैत्री तशी लवकरच तुटते. लग्न झालं की माहेरच्या मैत्रिणी चार गावांना पांगतात. सासरी नवी मैत्रीण मिळायची ती कामावर. पाणवठ्यावर, भांगलताना, आणि पहाटे जात्यावर. जड जातं ओढायचं तर जोडीला दुसरी हवीच. त्या दोघींनी जे कुणाला सांगता येत नव्हतं, ते ओवीत सांगितलं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या दोघांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आईबाप, भाऊ, लेक, विठ्ठल यांच्या जोडीनं त्यांत शेजीबाई आणि मैतरणीही आहेत.

पुढं गिरणी आली, दारात नळ आला. कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण त्या कष्टासोबत दोघींचं बसणं-बोलणंही गेलं. आता बायकांना ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकत्र बसवणारी जागा गावात एकच उरली आहे, ती म्हणजे आपला गट. म्हणून ती पन्नाशीत सोडायची नाही.

मैत्रिणीची गरज खरी लागते ती याच वयात. लेक सासरी गेलेली, मुलगा पुण्या-मुंबईला. पाळी जायच्या काळात रात्री झोप लागत नाही, अंगाला दरदरून घाम येतो, उगाच रडू येतं. हे मुलाला सांगता येत नाही आणि सुनेला सांगायला जीभ रेटत नाही. याच वाटेनं गेलेली बाई मात्र लगेच म्हणते, "अगं, मलाबी असंच व्हायचं. चल, दवाखान्यात दाखवून येऊ."

आणि नवरा गेला तर? ज्या दिवसांत बाईला माणसं हवीत, नेमकं तेव्हाच तिला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद होतं. काल आपल्या शेजारी बसून हिशेब बघणारी बाई आज कोपऱ्यात जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला, की गावात विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानंही सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव ग्रामसभेत होतो, पण हळदीकुंकवाची यादी आपणच करतो. त्या यादीतून कुणाचं नाव गळू द्यायचं नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.

नवी सुरुवात करायला या वयात उशीर झालेला नसतो. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं लहानसं गाव आहे. तिथे 8 मार्च 2016 ला 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ती मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीनं उभी केली. साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत जाऊ लागल्या. शिकवणारी बाई गावातलीच सून, आणि तिच्या वर्गात तिची स्वतःची सासूही बसलेली. त्या आज्या शिकून नोकरीला जाणार नव्हत्या. अंगठ्याच्या जागी सही करायची, पोथी आपली आपण वाचायची, एवढंच हवं होतं. एकटीनं पाटी धरायला लाज वाटली असती. पंचवीस-तीसजणी मिळून गेल्या, म्हणून लाज गेली.

आपल्या गटात करण्यासारखं पुढीलप्रमाणे:

1. सुनेचं नाव घालण्यासाठी सासूचं नाव काढू नका. एका घरातल्या दोघी चालत नसतील तर सुनांचा वेगळा गट करा. ग्रामसंघाला विचारा, वाट निघते.

2. बचत गोळा करण्याआधी दहा मिनिटं नुसतं बोलायचं. 'आठवडा कसा गेला?' हे प्रत्येकीला विचारायचं.

3. सलग दोन बैठका कुणी आली नाही, तर दंड लावण्याआधी दोघींनी तिच्या घरी जाऊन यायचं.

4. मैत्री आणि पैसा वेगळा ठेवायचा. मैत्रिणीला हातउसने देण्यापेक्षा गटातून कर्ज घ्यायला सांगा. वहीत लिहिलेल्या पैशानं मैत्री तुटत नाही, तोंडी दिलेल्यानं तुटते.

5. वर्षातून एकदा माहेरच्या जुन्या मैत्रिणीला भेटून या. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याआधीपासूनच प्रवास मोफत. 'भाडं कोण देणार?' ही सबब आता उरली नाही.

6. जिला काही नवं शिकायचं आहे, सही असो, मोबाइल असो नाहीतर शिलाई, तिला एकटीला पाठवू नका. जोडीला एक द्या. जात्याला दोघी लागायच्या, तसंच आहे हे.

पुढच्या बैठकीत कुणी म्हणालं, "माझं नाव काढा", तर वही मिटून ठेवा. तिला आधी विचारा, "नाव काढलं, तर मंगळवारी दुपारी तू कुठं बसणार?" ती काय सांगते ते ऐका, आणि मग काय ते ठरवा.