धर्मादाय खाट: उपकार नव्हे, राखीव जागा

घरातल्या विशी-पंचविशीतल्या मुलाला किंवा मुलीला रक्ताच्या कर्करोगासारखा आजार झाला, की कुटुंब आधी दागिने मोडते, मग उसनवारी करते. धर्मादाय रुग्णालयातील सवलत मात्र अनेकदा मागितलीच जात नाही, कारण ती व्यवस्थापनाच्या मर्जीवर असते असा समज आहे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. धर्मादाय रुग्णालय म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थेने चालवलेले रुग्णालय. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'त (गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी वेगळा ठेवलेला पैसा) जमा होते.

एसटीतल्या राखीव आसनासारखेच हे आहे. ते देताना वाहक मेहेरबानी करत नाही. पण आपण हक्कदार आहोत, हे प्रवाशाला सांगावे लागते.

म्हणून दाखल होतानाच रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला (रुग्णाला आर्थिक मदतीचा मार्ग दाखवणारा कर्मचारी) भेटावे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका जवळ ठेवावी. पात्रता कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावर ठरते. तातडीच्या प्रसंगी अनामत रकमेसाठी उपचार अडवता येत नाहीत. सवलत नाकारली गेल्यास जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. ती करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.