बंगालच्या उपसागरातील हवाई संग्राम आणि त्याचे ग्रंथ

दुसऱ्या महायुद्धातील हवाई संग्रामांपैकी इंग्लंडच्या आकाशातील संग्राम किंवा मिडवेचा संग्राम यांविषयी इतके लिहिले गेले आहे की, वाचकापुढे अडचण उभी राहते ती निवडीची. एप्रिल १९४२ मध्ये सिलोनच्या आकाशात आणि बंगालच्या उपसागरावर झालेल्या संग्रामाची स्थिती याच्या उलट आहे. त्याचा शोध घेणाऱ्या वाचकाला बहुधा मोठ्या ग्रंथातील चार-दोन पानांवरच समाधान मानावे लागते. वस्तुतः याच संग्रामाच्या धास्तीने मद्रास शहर, म्हणजे आजचे चेन्नई, बव्हंशी ओस पडले होते. त्यावरील चांगला ग्रंथ कोणता, हा प्रश्न म्हणूनच केवळ युद्धशास्त्राचा नव्हे. घटना आणि तिचे लेखन यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या समीक्षकाचाही तो आहे.

प्रथम घटनाक्रम ध्यानात घ्यावयास हवा. ४ एप्रिल रोजी कॅनडाच्या वायुदलातील लिओनार्ड बर्चल यांच्या टेहळणी विमानाने जपानी आरमार पाहिले आणि विमान पाडले जाण्यापूर्वी तशी सूचना धाडली. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, नागुमो यांच्या पाच विमानवाहू जहाजांवरून उडालेल्या विमानांनी कोलंबोवर हल्ला केला. ६ एप्रिलला ओझावा यांच्या दुसऱ्या ताफ्यातील विमानांनी विशाखापट्टणम व काकिनाडा येथे बाँब टाकले. ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ला झाला आणि ‘हर्मीस’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका बुडाली. मद्रासवर त्या महिन्यात एकही बाँब पडला नाही. तरीही सरकारी कचेऱ्या अंतर्भागात हलल्या, उच्च न्यायालय कोइमतूरला गेले आणि प्राणिसंग्रहालयातील हिंस्र श्वापदे गोळ्या घालून मारण्यात आली. शहरावर थोडे बाँब पडले ते ऑक्टोबर १९४३ मध्ये, एकाकी विमानातून. तोपर्यंत पळापळीचे दिवस मागे पडले होते.

या विषयावरील ग्रंथांचा पहिला वर्ग सरकारी इतिहासांचा. रॉस्किल यांच्या सागरी युद्धाच्या इतिहासाचा दुसरा खंड १९५६ मध्ये आणि कर्बी यांच्या जपानविरोधी युद्धाच्या इतिहासाचा दुसरा खंड १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय वायुदलाचा १९३३ ते १९४५ या काळाचा एस. सी. गुप्ता यांनी लिहिलेला व बिशेश्वर प्रसाद यांनी संपादिलेला इतिहास १९६१ चा आहे. मद्रास, मुंबई, कलकत्ता, कराची, कोचीन येथील किनारा-संरक्षक तुकड्या जुनाट विमाने घेऊन समुद्रावर पहारा देत होत्या, हे समजण्यासाठी गुप्तांचा ग्रंथ पाहणे अवश्य आहे. हे सर्व ग्रंथ साधार आणि संयमी आहेत. परंतु त्यांची दृष्टी सेनापतीच्या नकाशावर खिळलेली असते.

दुसरा वर्ग प्रत्यक्षदर्शींचा. हल्ल्याचे नेतृत्व करणारे मित्सुओ फुचिदा यांनी ओकुमिया यांच्यासह लिहिलेला मिडवेवरील ग्रंथ १९५५ मध्ये इंग्रजीत आला. त्यात या मोहिमेचाही वृत्तान्त आहे. मायकेल टॉम्लिन्सन हे त्या वेळी सिलोनमध्ये ब्रिटिश वायुदलात अधिकारी होते; ‘द मोस्ट डेंजरस मोमेंट’ हा त्यांचा ग्रंथ १९७६ चा. अशा लेखनात त्या दिवसांची धग असते, हे खरे. मात्र राजवाड्यांनी १८९८ मध्ये आपल्या साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत पानिपतच्या बखरींना जी कसोटी लावली, तीच येथे लावणे प्राप्त आहे. स्मृतीतून उतरलेली कथा समकालीन कागदांशी ताडून पाहिल्यावाचून प्रमाण मानता येत नाही. पार्शल व टुली यांनी २००५ मध्ये जपानी नोंदींच्या आधारे फुचिदांच्या मिडवेविषयक कथनातील गंभीर दोष दाखविले, ते याच मार्गाने. कोलंबोवर सुमारे वीस शत्रुविमाने पाडल्याचा दावा ब्रिटिश बाजूने झाला. जपानी नोंदींत हरवलेली विमाने सातच आहेत. लढणारा खोटे बोलतो असे नव्हे. धुरात आणि वेगात एकच पडणारे विमान दोघांना आपापले वाटते.

म्हणून तिसरा वर्ग अधिक मोलाचा ठरतो. ख्रिस्टोफर शोअर्स, ब्रायन कल आणि यासुहो इझावा यांच्या ‘ब्लडी शॅम्बल्स’चा दुसरा खंड १९९३ मध्ये प्रकाशित झाला. उभय पक्षांच्या नोंदी दिवसागणिक शेजारी ठेवणे, ही त्याची पद्धती. पुढे २०१८ मध्ये जपानी सरकारी इतिहासाचा बंगालच्या उपसागरासंबंधीचा खंड लायडन येथून इंग्रजीत आला, त्यामुळे जपानी न जाणणाऱ्या अभ्यासकाची मोठीच सोय झाली. आदल्या दिवशी सूचना मिळूनही कोलंबोजवळच्या रत्मलाना तळावरील लढाऊ विमाने धावपट्टीवरून उठत असतानाच शत्रू माथ्यावर कसा आला, हा या संग्रामातील कळीचा प्रश्न. जो ग्रंथ शौर्यवर्णनाआड तो लपवीत नाही, तो विश्वसनीय समजावा.

तथापि किनाऱ्यावरील माणूस या तिन्ही वर्गांत जवळजवळ नाही. १९४२ च्या त्या घबराटीचा विचार इंदिवर कामतेकर यांनी २००२ मधील आपल्या दीर्घ निबंधात केला आणि श्रीनाथ राघवन यांच्या २०१६ च्या ग्रंथाने युद्धकालीन भारताचे व्यापक चित्र उभे केले. परंतु मद्रासच्या घराघरांतील कथा या विवेचनांत मावणारी नव्हे. २२ सप्टेंबर १९१४ रोजी ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या. काही मिनिटांच्या त्या माऱ्याने तमिळ भाषेला धाडसी, धूर्त माणसासाठी एक नवा शब्द दिला. १९४२ चे भय कितीतरी पटींनी मोठे होते; त्याचा एवढा ठसठशीत माग बोलीत उमटलेला दिसत नाही. कदाचित जो शत्रू प्रत्यक्ष आला, त्याची दंतकथा होते. ज्याच्या नुसत्या वार्तेने माणसे घरेदारे टाकून पळाली, त्याची आठवण काढणे माणसांना अवघड वाटते.

ती आठवण आता कागदांतच शोधावी लागेल. एगमोर येथील अभिलेखागार, कॉनिमारा ग्रंथालय आणि तरमणीचे रोजा मुथय्या ग्रंथालय ही त्यासाठीची ठिकाणे. त्या दिवसांत जाणती असलेली पिढी जवळजवळ संपली आहे. आकाशातील विमानांची मोजदाद एव्हाना पुष्कळ काटेकोर झाली. त्या आकाशाकडे पाहत गाठोडी बांधणाऱ्यांचा ग्रंथ मात्र अद्याप लिहावयाचा आहे, आणि तो लिहिणाऱ्याला इंग्रजी व जपानी नोंदींइतकीच तमिळ पत्रांची, रोजनिशांची आणि वृत्तपत्रांची ओळख असावी लागेल.