जुनं ते सोनं? आधी चिमटा बघा!

वाकड्या हँडलच्या जुन्या स्टील सायकलींची क्रेझ जोरात आहे. पण सेकंडहँड घेताना भाव ठरवायचा कसा? थेट बर्मिंगहॅमहून काही टिप्स...

ऑनसाइट आलेल्या माणसाचा आठवडा कसा जातो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पाच दिवस ऑफिस, शनिवारी लाँड्री आणि देसी दुकानातून तूरडाळ, रविवारी घरी फोन. मग हळूहळू प्रत्येकाला काही तरी खूळ लागतं. कुणाला कॅमेऱ्याचं, कुणाला ट्रेकिंगचं. मला लागलं जुन्या स्टीलच्या रेसिंग सायकलींचं!

यात गावाचाही हात आहे. इथल्या रेनॉल्ड्स कंपनीची सुरुवात १८४१ मध्ये चक्क खिळ्यांपासून झाली. १८९७ मध्ये तिने एक साधी पण भन्नाट आयडिया पेटंट केली. सायकलची नळी टोकांना जाड आणि मधे पातळ करायची. जोडाच्या जागी ताकद, बाकी ठिकाणी वजन कमी. १९३५ मध्ये आली मँगनीज-मॉलिब्डेनम स्टीलची ‘५३१’ नळी. पुढे कित्येक वर्षं चांगल्या ब्रिटिश सायकलवर तिचं छोटंसं स्टिकर छातीवरच्या मेडलसारखं मिरवायचं. आणि आपलंही तिच्याशी लांबचं नातं आहे बरं का! रेनॉल्ड्स ज्या ‘टीआय’ म्हणजे ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स समूहात होती, त्याच समूहाने १९४९ मध्ये मुरुगप्पा घराण्याबरोबर मद्रासला सायकलचा कारखाना काढला. आपल्याकडे घरोघरी दिसणारी हर्क्युलस तिथलीच.

वय म्हणजे किंमत नव्हे

इटलीत १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची हौशी सायकलस्वारांची राइड होते. तिथे १९८७ पूर्वीची रेसिंग सायकल लागते. गिअरचे दांडे फ्रेमच्या नळीवर आणि ब्रेकच्या केबल हँडलबाहेर लोंबणाऱ्या. अशा हौसेमुळे या सायकलींना मागणी आली. मागणी आली म्हटल्यावर विकणारेही हुशार झाले. गॅरेजमध्ये धूळ खात पडलेल्या कुठल्याही सायकलला ‘व्हिंटेज’ हा शब्द चिकटवला, की भाव चढला!

गंमत अशी, की सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत दहा गिअरच्या साध्या सायकलीही ढिगाने बनल्या. जाड नळ्या, स्टीलच्या रिम. पावसात अशा रिमवर ब्रेक लागता लागत नाही. चाळीस वर्षं झाली म्हणून त्या भारी होत नाहीत. फिरायला ठीक, पण पैसे तेवढेच द्यायचे.

स्टिकर वाचा, पण नळीला विचारा

५३१ च्या स्टिकरवरही बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं असतं. काही स्टिकर सांगतात, की फक्त तीन मुख्य नळ्या ५३१ च्या आहेत. काही सांगतात, की चिमटा आणि मागच्या बारीक नळ्याही त्याच. दुसऱ्या प्रकारची सायकल वरच्या दर्जाची. पण स्टिकर नवं छापूनही मिळतं. म्हणून पुरावा दुसरीकडे शोधायचा.

सीट पिलर बाहेर काढायला सांगा आणि त्यावरचा आकडा वाचा. ब्रिटिश मापाच्या चांगल्या ५३१ फ्रेममध्ये २७.२ मिलिमीटरचा पिलर बसतो. नळीचा बाहेरचा व्यास २८.६, म्हणजे भिंत जेमतेम ०.७ मिलिमीटर! पिलर जितका बारीक, तितकी नळी जाड. मग चाकाचा अॅक्सल बसतो ती खाच बघा. जाड, घडीव असेल तर छान. पत्र्यातून कापल्यासारखी असेल, तर बनवणाऱ्याने तिथे पैसे वाचवलेत.

पार्टही वय सांगतात. कॅम्पान्योलोच्या जुन्या मागच्या गिअरवर पेटंटचं साल असतं. शिमानोच्या पार्टवर दोन अक्षरांचा कोड असतो, पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ‘ए’ म्हणजे १९७६, ‘बी’ म्हणजे १९७७... फ्रेम म्हणे १९७४ ची आणि सगळे पार्ट १९८५ चे, तर काही तरी बदललंय. बदल वाईट नसतो, पण ‘ओरिजिनल’चा भाव मग कशाला द्यायचा?

दोन सायकली, दोन भाव

पहिली सायकल बघितली ती एकदम हिरॉइन. चेरी रंग, क्रोमचा चिमटा, नवी हँडलटेप. मागणी ३२० पौंड. हँडलच्या जोडामागे आडव्या आणि तिरक्या नळीच्या खालून बोटं फिरवली. दोन इंचांवर एक बारीकशी लाट लागली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, नवा रंग चोपडून बसला होता. पण समोरून धडक बसलेली फ्रेम तिथेच सुरकुतते. मग खिशातला दोरा काढला. मागच्या एका खाचेला बांधला, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत आणला. सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं हवं. इथे चार मिलिमीटरचा फरक निघाला. मालक म्हणाला, “चालवताना कळतसुद्धा नाही.” असेल! पण उतारावर ताशी पन्नासच्या स्पीडला दात माझे असणार होते. थँक्यू म्हणून निघालो.

दुसरी एका आजोबांकडे. नॉटिंगहॅमची रॅले. तिथलं उत्पादन २००२ मध्ये थांबलं. मूळ निळा रंग, ठिकठिकाणी पोपडे, टायर भेगाळलेले. पण पिलर २७.२ आणि हाताने फिरणारा. हे फार महत्त्वाचं. अॅल्युमिनियमचा पिलर स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं राहिला, की गंजून घट्ट बसतो. तो सोडवताना कधी कधी फ्रेमच जाते. हँडलचा स्टेमही हलवून बघितला. दोऱ्याचं अंतर दोन्हीकडे सारखं. चेनजवळ थोडा गंज, पण वरवरचा. आणि माप माझं, एकवीस इंच. माप चुकलं तर फुकटची सायकलही महागच!

मागणी १५० पौंड. मी समोरच कागदावर बिल मांडलं. दोन टायर-ट्यूब, सगळ्या केबल, ब्रेकचे रबर, चेन, शिवाय बेअरिंग खोलून नवे छर्रे आणि ग्रीस. सगळं मिळून ९० पौंड. आजोबांनी कागद नीट वाचला, हसले आणि ११० ला तयार झाले. शिवाय जुना पंप फ्री! म्हणजे रस्त्यावर यायला २०० पौंड. भाव हा असाच काढायचा. तयार सायकलला आपण किती देऊ, त्यातून येणारं बिल वजा.

तुम्हाला नक्की काय हवंय?

शोकेसमध्ये ठेवायची असेल, तर मूळ रंग आणि मूळ पार्ट यांना जास्त मोजा. रोज ऑफिसला न्यायची असेल, तर सरळ फ्रेम आणि सहज मिळणारे पार्ट शोधा. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश सायकलींना २७ इंची चाकं असतात, रिमचा व्यास ६३० मिलिमीटर. आजची ७००सी चाकं ६२२ ची. ती बसवली तर ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली सरकवावे लागतात. ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा आहे का, हे घ्यायच्या आधीच बघा. फ्रेंच सायकली दिसायला झकास, पण जुन्यांच्या आट्या वेगळ्या, त्यामुळे पार्ट शोधताना दमछाक होते.

स्टीलचं एक बरं असतं. पितळेने जोडलेली नळी चांगला कारागीर बदलून देऊ शकतो. जुनी चांगली फ्रेम अजून कित्येक वर्षं पळेल. पण गुंतवणूक वगैरे विसरा. विकून श्रीमंत व्हायला शेअर बाजार आहे. हौसेला मोल नसतं हे खरं, सायकलीला मात्र असतं, आणि ते ठरवायला अडीच मीटर दोरा पुरतो.

जाताना खिशात काय न्याल?

• दोरा आणि मोजपट्टी : फ्रेम सरळ आहे का बघायला.
• छोटा टॉर्च : पिलर काढून नळीच्या आत गंज बघायला.
• अॅलन की आणि पाना : पिलर, स्टेम हलतात का बघायला.
• कागद-पेन : बिल मांडायला.
• आणि हो, “विचार करून सांगतो” म्हणायची हिंमत!