जलतणाचा वैद्य

तळ्याचे पाणी झाकून टाकणारे तण उपटून काठावर टाकण्याचे काम मजूरही करू शकतात. परंतु ते तण नेमके कोणत्या जातीचे, कोणत्या मुलखातून आलेले आणि तिकडे त्याला कोण आवर घालीत होते, याचा निर्णय करणे हे जलजीवशास्त्रज्ञाचे खास कर्तव्य होय. साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्याची ओळख आरंभी चुकल्यामुळे भलत्याच जातीचा कीटक सोडला गेला आणि वर्षे वाया गेली; १९७२ साली ती निराळी जाती ठरून पुढे तिची मायभूमी आग्नेय ब्राझीलमध्ये सापडली, तेव्हा तिथल्या जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या सोंड्या भुंगेऱ्याने ऑस्ट्रेलियातील मूनडारा सरोवर आणि त्याच दशकात, म्हणजे १९८० नंतर, केरळातील कालवे मोकळे केले. एका नावाचे मोल एवढे असते!

हे शास्त्र शिकू पाहणाऱ्या, तेलंगणातील इंद्रवेल्लीच्या मराठी घरातील विद्यार्थ्यास नागपूरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय जवळचे आहे. पुढे मुंबईत वर्सोव्याच्या, १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत जलपर्यावरण-व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यास होतो, आणि जबलपूरच्या तणसंशोधन निदेशालयात तणांवरील संशोधन अव्याहत चालते. अर्ज करण्यापूर्वी प्रवेशाचे नियम व रहिवासाचा दाखला मात्र अवश्य तपासून पाहावा.