मुकादमाबरोबर जाणारे ज्ञान

कोकण रेल्वेच्या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. त्यांपैकी नऊ बोगदे मऊ, पाण्याने भिजलेल्या मातीतून काढावे लागले. तेथे यंत्रांचा इलाज चालला नाही. माती हातांनी खणीत पुढे सरकावे लागले आणि त्यात एकोणीस जणांचे प्राण गेले. माती ढासळण्यापूर्वी कोणती खूण दिसते, पाझर गढूळ झाला की काय समजावे, हे तेथील मुकादमांना उमगले ते ही किंमत मोजून. १९९८ साली मार्ग खुला झाला, ठेकेदारांची माणसे पांगली. त्यांच्याबरोबर काय काय गेले याचा हिशेब कोणत्या ताळेबंदात मांडावयाचा?

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली ‘करता करता शिकणे’ ही कल्पना मांडली. विमानांचे सांगाडे जितके अधिक बनवावेत, तितके प्रत्येक सांगाड्यामागील श्रम घटत जातात. परंतु कारखाना जागचा हलत नाही आणि माणसेही बहुधा तीच असतात. बांधकामात जागा नवी, माणसे नवी. एका कामावरचा धडा दुसऱ्या कामावर पुन्हा श्रीगणेशापासून गिरवावा लागतो.

याचा दोष केवळ आळसाला देता येणार नाही. निविदेत काँक्रीटला घनमीटरचा दर असतो, लोखंडाला टनाचा असतो. अनुभव लिहून ठेवण्यास दर नसतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावयाची म्हटल्यावर ज्याला दर नाही ते काम प्रथम गळणार, हे उघड आहे. त्यातून चुकीची नोंद उद्या लवादापुढे पुरावा म्हणून यावयाची असेल, तर कोणता शहाणा अभियंता ती स्वहस्ते लिहील? मग साईटच्या वहीत उरतात पाऊसपाणी, हजेरी आणि सिमेंटच्या गोण्या.

वरिष्ठांचे ज्ञान वाया जात नाही. कोकण रेल्वे उभारणारे ई. श्रीधरन पुढे दिल्ली मेट्रोचे प्रमुख झाले. कोकण रेल्वे महामंडळ टिकून राहिले, म्हणून २०२५ च्या जूनमध्ये खुल्या झालेल्या चिनाब पुलाची जबाबदारी त्याच्याकडे देता आली. मुकादमाला मात्र अशी संस्था नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्यातील भिंतीचा भाग कोसळला. अशा वेळी तो डोंगर प्रथम ज्यांनी खणला त्यांना विचारावे म्हटले, तर त्यांना शोधावयाचे कोठे?

निविदेतच अनुभवाच्या नोंदीची स्वतंत्र बाब घालून तिला दर द्यावा. ती नोंद मुकादमाच्या तोंडून, त्याच्याच भाषेत घ्यावी आणि तीत चूक मान्य केली म्हणून कोणावर दावा लावता येणार नाही, अशी अट करारात असावी. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळच ठरेल.