लवकर सापडला, म्हणजे वाचला?

समजा, एका बाईच्या अंगावरून पन्नासाव्या वर्षी रक्त जाऊ लागलं. तपासलं तर गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला आणि चौपन्नाव्या वर्षी ती गेली. म्हणजे निदानानंतर चार वर्षं जगली. आता बाई तीच, आजारही तोच. फक्त तो एका शिबिरात सेहेचाळिसाव्या वर्षीच सापडला. उपचार झाले, पण गुण आला नाही आणि ती चौपन्नाव्या वर्षीच गेली. कागदावर मात्र निदानानंतर आठ वर्षं जगल्याची नोंद झाली. आकडा दुप्पट झाला, आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही. वाढला तो आजारपणाचा काळ.

संशोधक या चकव्याला ‘लीड टाइम बायस’ म्हणतात. निदानानंतर पाच वर्षं किती रुग्ण जगले, हा आकडा कॅन्सरच्या बातम्यांत हमखास असतो. सारख्याच टप्प्यावर सापडलेल्या रुग्णांना दिलेल्या दोन उपचारांची तुलना करताना त्याला अर्थ आहे. धडधाकट माणसांची तपासणी केल्याने जीव वाचतात का, या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यातून मिळत नाही.

दुसरा चकवा दक्षिण कोरियात दिसला. तिथे इतर कॅन्सरच्या सरकारी तपासण्यांसोबत थोडे जास्त पैसे भरून गळ्याची सोनोग्राफी करून घ्यायची पद्धत पडली. 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण 1993 च्या पंधरापट झालं होतं. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. सापडलेल्या गाठींपैकी बहुतेक अशा होत्या, की ज्यांनी त्या माणसाला जन्मभर कसलाही त्रास दिला नसता. पण गाठ सापडली की शस्त्रक्रिया आली, आणि ग्रंथी काढली की बहुतेकांना रोजची गोळी आली.

म्हणून तपासणीचा कस लावायचा तर मृत्यूच मोजावे लागतात. तेही आपणहून तपासायला येणाऱ्यांचे मोजून भागत नाही. कारण अशा बायका बहुधा शिकलेल्या, तब्येतीची काळजी घेणाऱ्या असतात आणि तपासणी न करताही इतरांपेक्षा जास्त जगण्याची शक्यता असते. कोणाची तपासणी होणार हे ना बाईने ठरवायचं, ना डॉक्टरने. ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं, तरच दोन्ही गट सारखे राहतात.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा, जगाला उपयोगी पडलेला असा एक मोठा प्रयोग मराठवाड्यात झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून 1999 मध्ये तो सुरू केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया त्यात होत्या. एकेका बाईऐवजी गावांचे 52 समूह चार गटांत विभागले. एका गटात हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात गर्भाशयमुखाच्या पेशी तपासणारी पॅप स्मिअर, तिसऱ्यात ‘व्हीआयए’. चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा, तपासणीची मोहीम नाही. व्हीआयए सगळ्यांत स्वस्त. गर्भाशयमुखावर पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं.

पहिल्या तीन गटांत तपासणी एकदाच झाली. एचपीव्ही गटातल्या सुमारे 80 टक्के बायका आल्या. ज्या आल्या नाहीत त्यांनाही हिशेबात त्याच गटात धरलं. शास्त्राची ही शिस्त वरवर विचित्र वाटेल. पण न आलेल्यांना वगळलं असतं, तर आपणहून येणाऱ्यांचा तोच घोटाळा मागच्या दाराने परत आला असता.

आठ वर्षांनी हिशेब झाला. मोहीम नसलेल्या गटात 31,488 बायकांपैकी 64 जणी या कॅन्सरने गेल्या होत्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात 34,126 पैकी 34. एकाच चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. पॅप स्मिअर आणि व्हीआयएच्या गटांत मात्र ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. 2009 मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले.

इतके मृत्यू बिनचूक मोजता येणं ही सोपी गोष्ट नाही. बार्शीची कॅन्सर नोंदणी 1987 पासून चालते, आणि ती रुग्णालयाच्या कागदांवर विसंबून राहिली नाही. खेड्यातली कितीतरी माणसं रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून रुग्ण आणि मृत्यू शोधत राहिले. या कामाचं मोल प्रयोगशाळेतल्या यंत्रांपेक्षा कमी नाही.

चौथ्या गटावर पुढे कडक टीकाही झाली: पॅप स्मिअरचा उपयोग जगाला माहीत असताना हजारो बायकांना तपासणीविना का ठेवलं? संशोधकांचं म्हणणं, जिल्ह्यात तशीही तपासणी नव्हती. उत्तर खोटं नाही, पण पुरेसंही नाही. त्या 64 जणींचं ऋण या निष्कर्षांवर आहेच.

मग व्हीआयए टाकाऊ ठरते का? मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांवर केलेल्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हीच तपासणी दर दोन वर्षांनी केली, आणि बारा वर्षांत मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. पद्धत तीच, पण करणारी माणसं, त्यांचं प्रशिक्षण आणि किती वेळा तपासलं हे वेगळं. म्हणूनच एका प्रयोगावर शेवटचा शब्द ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली. आपल्या सरकारी कार्यक्रमाने 2016 मध्ये तिशीपुढच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए सांगितली आहे. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी जेमतेम 1.9 टक्के जणींनी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झाल्याचं सांगितलं.